मणिभाई देसाई

मणिभाई भीमभाई देसाई (जन्म : कोसमाडा, सुरत जिल्हा, २७ एप्रिल १९२०, मृत्यू : १४ नोव्हेंबर १९९३) हे महात्मा गांधींचे अनुयायी, ग्रामविकासाचे कार्यकर्ते आणि पशुसंवर्धनाच्या क्षेत्रातील संघटक होते. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन ही त्यांची कर्मभूमी. तेथील निसर्गोपचार आश्रमाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९६७ मध्ये त्यांनी स्थापन केलेली 'भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन' ही संस्था पुढे 'बायफ' या संक्षिप्त नावाने देशभर ओळखली जाऊ लागली. संकरित गायींच्या प्रसाराशी मणिभाईंचे नाव नेहमी जोडले जाते. मात्र त्यांच्या कार्याचा गाभा शेतकऱ्याच्या दावणीला जन्मणारी कालवड हा होता. गरीब कुटुंबाला आयती गाय देण्यापेक्षा त्याच्याच गायीपोटी चांगली कालवड जन्माला यावी, ती त्याने जोपासावी आणि तिच्यातून पुढचा गोठा उभा राहावा, हे त्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

बालपण आणि शिक्षण

मणिभाईंचा जन्म दक्षिण गुजरातमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. घरी शेती व जनावरे असल्यामुळे ग्रामीण जीवनाची ओळख त्यांना लहानपणापासून होती. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरत येथे विज्ञान शाखेत झाले. पशुवैद्यक किंवा कृषिशास्त्र या विषयांचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पुढील काळात पशुपैदाशीबद्दल त्यांनी मिळवलेले ज्ञान वाचन, निरीक्षण आणि तज्ज्ञांचा सहवास यांतून आले. विज्ञानाच्या अभ्यासामुळे मोजमाप आणि नोंदी यांविषयीची दृष्टी मात्र त्यांना लाभली होती. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात त्यांनी भाग घेतला व त्यासाठी कारावासही भोगला.

गांधीजींचा सहवास आणि उरुळी कांचन

तुरुंगातून सुटल्यानंतर मणिभाई सेवाग्राम आश्रमात गांधीजींकडे गेले. त्या सुमारास गांधीजींच्या मनात निसर्गोपचाराचा विचार प्रबळ होता. पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राच्या धर्तीवर गोरगरिबांसाठी काही उभे करावे, असा त्यांचा प्रयत्न होता. असे केंद्र शहरात न ठेवता खेड्यात असावे, या निष्कर्षाला ते आले. त्यासाठी त्यांनी पुण्याच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर, पुणे-सोलापूर रस्त्यालगत व लोहमार्गावर असलेले उरुळी कांचन हे गाव निवडले.

मार्च १९४६ च्या अखेरच्या आठवड्यात गांधीजींचा मुक्काम उरुळी कांचन येथे होता. तेथून ते ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाशी होणाऱ्या वाटाघाटींसाठी दिल्लीला गेले, ते पुन्हा उरुळीत राहण्यास येऊ शकले नाहीत. मागे राहिलेल्या कार्यकर्त्यांत मणिभाई होते. या गावासाठी आयुष्य वाहण्याचे वचन त्यांनी गांधीजींना दिले होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. ते अविवाहित राहिले आणि हे वचन त्यांनी अखेरपर्यंत पाळले. विनोबा भावे यांचे बंधू बाळकोबा भावे हेही या आश्रमाच्या कार्याशी दीर्घकाळ संबंधित होते.

रोग्यांवर उपचार करताना गावाचे दारिद्र्य वेगळे ठेवता येत नाही, हे मणिभाईंच्या लवकरच लक्षात आले. अन्न अपुरे, शेती पावसावर अवलंबून आणि जनावरे हाडकुळी, अशा परिस्थितीत आरोग्य सुधारणे कठीण होते. म्हणून आश्रमाच्या कामाबरोबरच शिक्षण, शेती, सहकार व गोपालन या क्षेत्रांकडे ते वळले.

गोसेवेची पार्श्वभूमी

गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात गोसेवेला महत्त्वाचे स्थान होते. गाय वाचवायची असेल तर ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी झाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२७ मध्ये बंगळूर येथील मुक्कामात त्यांनी तेथील सरकारी दुग्धशाळेत जाऊन पशुपालनाची शास्त्रीय माहिती घेतली होती. गोशाळा केवळ म्हाताऱ्या व भाकड जनावरांचे आश्रयस्थान राहू नयेत, तेथे उत्तम वळू असावेत व चांगल्या गायी तयार व्हाव्यात, असे त्यांचे मत होते. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात वर्धा येथे याच विचाराने गोसेवेच्या कामास वाहून घेतले होते. जमनालालजींचे निधन फेब्रुवारी १९४२ मध्ये झाले. मणिभाईंनी उरुळीत गोशाळेचे काम हाती घेतले, तेव्हा ही परंपरा त्यांच्यापुढे होती.

उरुळी कांचनची गोशाळा

उरुळी कांचन येथे गीर जातीच्या गायींचा कळप उभारण्यात आला. गीर ही सौराष्ट्रातील जात असून जुनागढ, अमरेली, भावनगर व राजकोट या भागांत तिचा मूळ आढळ आहे. घुमटाकार कपाळ, पानासारखे लांब लोंबणारे कान आणि मागे वळून वर जाणारी शिंगे यांवरून ती ओळखू येते. ही जात दूध देणारी, उष्ण हवामान सोसणारी आणि गोचिडांना बऱ्याच अंशी दाद न देणारी आहे. ब्राझीलमध्ये नेलेल्या गीर जनावरांपासून तेथे मोठे दुधाळ कळप उभे राहिले, यावरून या जातीचे सामर्थ्य दिसून येते. महाराष्ट्रातील खिल्लार, डांगी, लाल कंधारी या जाती मुख्यतः शेतीकामाच्या बैलांसाठी प्रसिद्ध होत्या. देवणी ही दूध व काम या दोन्हींसाठी आणि गौळाऊ ही वर्धा परिसरात पाळली जात असे. गीर जात मात्र प्रामुख्याने दुधासाठी पाळली जाते. उरुळीचा कळप संगोपन आणि निवडीमुळे नावारूपाला आला.

अशा कळपाची प्रगती कशावर अवलंबून असते, हे समजून घेतल्यास मणिभाईंच्या पुढील कार्याचा अर्थ स्पष्ट होतो. गाय साधारणतः वर्ष-सव्वा वर्षाला एक वासरू देते आणि त्यांपैकी निम्मी वासरे नर असतात. कळपातील म्हाताऱ्या, वारंवार उलटणाऱ्या किंवा कास बिघडलेल्या गायी दरवर्षी कमी होतात. त्यांची जागा घेण्यासाठी मोजक्याच कालवडी हाती असतात. वळू वर्षाला अनेक वासरांचा पिता होऊ शकतो. त्यामुळे तो अत्यंत काटेकोरपणे निवडता येतो. कालवडींच्या बाबतीत निवडीला वाव कमी असतो आणि चूक झाली तर ती तीन-चार वर्षांनी, पहिल्या वेतात उघड होते. तोपर्यंतचा चारा, पेंड व श्रम खर्च झालेले असतात.

कालवडींची निवड

पैदाशीसाठी ठेवायच्या कालवडीची पारख पशुपालनात टप्प्याटप्प्याने केली जाते. पहिली पारख जन्माआधीच होते. आईने पहिल्या वेतात किती दूध दिले, दोन वेतांत किती अंतर ठेवले, ती सहज गाभण राहते की नाही आणि तिची कास किती वेते टिकली, हे पाहिले जाते. तुलना न्याय्य व्हावी म्हणून वेताचे दूध ३०५ दिवसांच्या प्रमाण कालावधीत मोजण्याची पद्धत आहे. वळूच्या बाबतीत त्याच्या आईचे व बहिणींचे दूध पाहतात. त्याच्या मुलींच्या प्रत्यक्ष उत्पादनावरून केलेली पारख सर्वांत भरवशाची मानली जाते.

दुसरी पारख जन्मानंतर होते. वासराला पहिल्या एक-दोन तासांत चीक मिळणे अत्यावश्यक असते, कारण रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला आईच्या पोटात मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात. चांगल्या वंशाची कालवड चिकावाचून किंवा जंतांमुळे खुरटली, तर तिच्या वंशाचा उपयोग राहत नाही. जुळ्या वासरांत एक नर व एक मादी असेल, तर ती मादी बहुतेक वेळा वांझ निघते. गर्भावस्थेत दोघांचे रक्ताभिसरण एकमेकांत मिसळल्यामुळे तिच्या जननेंद्रियांची वाढ नीट होत नाही. अशी कालवड पैदाशीसाठी ठेवली जात नाही. कासेला चारांपेक्षा अधिक सड असल्यास ते लहानपणीच पशुवैद्याकडून काढून घेतात.

तिसरी पारख वयात येताना होते. पाय सरळ, खूर घट्ट, पाठ समतल, कंबर व ढुंगणाची हाडे रुंद, छाती खोल आणि स्वभाव शांत असावा, असे जाणकार पाहतात. रुंद कटीमुळे पहिले विणे सुलभ होते. माज दर २१ दिवसांच्या सुमारास नियमित येतो की नाही, याची नोंद ठेवली जाते. भरवताना कालवडीच्या वयापेक्षा वजनाला अधिक महत्त्व असते. मोठेपणी जे वजन अपेक्षित आहे त्याच्या सुमारे ६० ते ६५ टक्के वजन झाल्याशिवाय भरवल्यास विण्यात अडचण येते व तिची स्वतःची वाढही खुंटते. चांगले संगोपन झालेल्या संकरित कालवडी १५ ते १८ महिन्यांच्या सुमारास या अवस्थेला येतात. देशी जातींना याहून बराच अधिक काळ लागतो. गर्भकाळ सुमारे नऊ महिने नऊ दिवसांचा असतो. देशी कालवडीचे पहिले विणे सर्वसाधारणपणे तीन ते चार वर्षांच्या वयात, तर नीट जोपासलेल्या संकरित कालवडीचे अडीच वर्षांच्या आसपास होते. वर्षभराचा हा फरक गरीब कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठा आहे, कारण न व्यालेली कालवड खाते, पण काही देत नाही. याच काळात अडचणीत सापडलेला शेतकरी ती बाजारात विकून टाकण्याची शक्यता सर्वाधिक असते.

बायफची स्थापना

आश्रमाच्या गोशाळेत कितीही उत्तम गायी तयार झाल्या, तरी त्यांची संख्या मर्यादित राहणार होती. परिसरातील हजारो शेतकऱ्यांच्या दावणीला असलेल्या गायी दिवसाला जेमतेम लिटर-दोन लिटर दूध देत. त्यांत विशिष्ट जातीची लक्षणे नसलेल्या गावठी गायी बहुसंख्य होत्या. कळपात निवड करून होणारी सुधारणा पिढ्यान्‌पिढ्या चालते. गरिबांना तितकी वाट पाहता येणार नाही, या विचाराने मणिभाई संकराच्या मार्गाकडे वळले. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या दुधाळ विदेशी जातींच्या वळूंचे वीर्य वापरून स्थानिक गायीपासून कालवड मिळवली, तर ती पहिल्याच पिढीत आईच्या कित्येक पट दूध देऊ शकते, हे प्रयोगांतून दिसून आले होते. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय याच दिशेने विकसित केली.

या कामासाठी २४ ऑगस्ट १९६७ रोजी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन या सार्वजनिक न्यासाची स्थापना झाली. उरुळी कांचन येथे संशोधन केंद्र व वळूंचा गोठा उभारण्यात आला. संस्थेचे मुख्यालय पुढे पुण्यातील वारजे येथे आले. वीर्य गोठवून ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला वर्षानुवर्षे टिकवण्याचे तंत्र उपलब्ध झाल्याने वळू गावोगाव फिरवण्याची गरज उरली नाही. तरीही खरी अडचण शिल्लक होती. गाय माजावर येते ती काही तासच. तिला दूरच्या दवाखान्यात चालवत नेईपर्यंत माज उतरतो आणि शेतकऱ्याची एक दिवसाची मजुरीही बुडते. बायफने यावर काढलेला उपाय साधा होता. दहा-पंधरा गावांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमायचा. त्याने द्रव नायट्रोजनचे भांडे घेऊन मोटारसायकलवरून शेतकऱ्याच्या दारी जायचे. कृत्रिम रेतन करायचे, पुढे गर्भतपासणी करायची, झालेल्या वासराची नोंद ठेवायची आणि चारा व संगोपनाचा सल्ला द्यायचा. दारात मिळणाऱ्या सेवेची ही पद्धत महाराष्ट्राबरोबरच गुजरात, कर्नाटक, राजस्थान, उत्तर प्रदेश इत्यादी राज्यांत पोहोचली. अनेक ठिकाणी राज्य सरकारांनी हे काम बायफकडे सोपवले.

घरची कालवड

ग्रामीण दारिद्र्य निवारणासाठी कुटुंबाला दुभती गाय देण्याची कल्पना त्या काळात सर्वत्र प्रचलित होती. १९७८ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८० पासून देशातील सर्व विकास गटांत लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्ज व अनुदान देऊन दुभत्या जनावरांची खरेदी करून दिली जात असे. या मार्गात काही अंगभूत धोके होते. बाजारात विकायला येणारी गाय बहुधा विकणाऱ्याला नकोशी झालेली असते. तिचे वय, वेत व दोष खरेदीदाराला कळत नाहीत. दूरच्या भागातून आणलेल्या गायीला नवे हवामान व चारा मानवत नाही. ती मेली किंवा आटली, तर कर्ज तेवढे उरते. शिवाय एका गावात गाय आली की दुसऱ्या गावातून गेलेली असते. एकूण चांगल्या गायींची संख्या त्याने वाढत नाही.

बायफचा मार्ग याच्या उलट होता. शेतकऱ्याजवळ जी गावठी गाय आहे तीच कालवडीची आई व्हावी, अशी ही योजना होती. तिला स्थानिक हवामानाची सवय असते आणि तिच्यासाठी नवे कर्ज काढावे लागत नाही. तिच्यापासून झालेली संकरित कालवड शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत वाढते. तिला वाढवण्याच्या अडीच वर्षांत घरातील माणसे, विशेषतः स्त्रिया, चारा, पाणी, माज, आजार यांविषयी हळूहळू शिकतात. गाय दुधाला येते तेव्हा तिला सांभाळणारे हातही तयार झालेले असतात. अशा दोन-तीन गायींवर एका कुटुंबाचे पोट भरू शकते, हा या कार्यक्रमाचा आर्थिक हिशेब होता.

यात निवडीचे स्वरूपही बदलले. मोठ्या कळपात मालक २० कालवडींतून ५ ठेवतो व उरलेल्या काढून टाकतो. एक-दोन गायींच्या मालकापुढे असा पर्याय नसतो. झालेली एकच कालवड ठेवायची की विकायची, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. म्हणून वंशाच्या निवडीचा बराचसा भार संस्थेने वळूच्या निवडीवर घेतला आणि शेतकऱ्याकडे संगोपनाचा भाग राहिला. वळूची निवड प्रयोगशाळेत व नोंदवहीत होत असली, तरी कळप प्रत्यक्षात बनतो तो चीक वेळेवर पाजणाऱ्या आणि अडचणीतही कालवड न विकणाऱ्या कुटुंबामुळे, हे या पद्धतीने गृहीत धरले होते.

या साखळीतील दुबळा दुवा म्हणजे नर वासरू. वीर्याद्वारे वासराचे लिंग ठरवण्याचे तंत्र तेव्हा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते. त्यामुळे दोन वेतांतून सरासरी एकच कालवड मिळे. सलग दोन-तीन गोऱ्हे झाल्यास गोठा वाढवण्याची योजना कित्येक वर्षे मागे पडे.

मांसोत्पादक कळपांशी तुलना

कालवडींच्या निवडीचे शास्त्र जगात मुख्यतः मोठ्या कळपांच्या अनुभवातून विकसित झाले. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) यांनी डिशली येथील शेतावर लाँगहॉर्न जातीच्या गुरांची मांसासाठी पैदास केली. उत्कृष्ट गायी व वळू निवडून त्यांच्या जवळच्या नात्यातच संकर घडवण्याची त्यांची पद्धत होती. तोपर्यंत गुरे प्रामुख्याने ओढकाम व दूध यांसाठी पाळली जात. विशिष्ट हेतू ठरवून नर व मादी दोघांचीही निवड करणे, हे बेकवेल यांचे वैशिष्ट्य होते.

आज अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतील मांसोत्पादक कळपांत ठेवायच्या कालवडीकडून दुधाच्या विक्रमाची अपेक्षा नसते. तिने दोन वर्षांच्या वयात विनासायास विणे, दरवर्षी एक वासरू देणे व ते स्वतःच्या दुधावर वाढवणे एवढेच पुरेसे असते. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेल्या, लवकर माजावर येणाऱ्या, रुंद कटीच्या व शांत स्वभावाच्या कालवडींना प्राधान्य मिळते. ठरलेल्या मुदतीत गाभण न राहिलेली कालवड वजन वाढवून मांसासाठी विकली जाते. तिच्यावरील खर्च अशा रीतीने वसूल होत असल्याने मालकाला निवड निष्ठुरपणे करता येते.

महाराष्ट्रात ही वाट नव्हती. गायीविषयीची श्रद्धा हे एक कारण होते, कायदा हे दुसरे. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ नुसार गाय व तिची वासरे यांच्या कत्तलीस बंदी आहे. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ही बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे येथे निवडीतून वगळलेले जनावर दुसऱ्या शेतकऱ्याकडे, गोशाळेकडे किंवा मोकाट रस्त्यावर जाते. जेथे नको असलेल्या जनावराची किंमत येत नाही, तेथे नको असलेले जनावर जन्मालाच कमी येईल, अशी पैदास करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. वळूच्या निवडीवर आणि कालवडीच्या संगोपनावर बायफने दिलेला भर या परिस्थितीशी सुसंगत होता.

मतभेद

गांधीजींच्या अनुयायाने विदेशी वळूंच्या वीर्याचा पुरस्कार करावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले व त्यावर टीकाही झाली. टीकाकारांचे आक्षेप तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप बैलांविषयीचा होता. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसते किंवा ते लहान असते. त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर थकतो, असे शेतकरी म्हणत. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागात, जेथे देवणी व लाल कंधारी बैलांवर शेती उभी होती, हा प्रश्न महत्त्वाचा होता. दुसरा आक्षेप असा की संकरित गायीला अधिक चारा, पाणी व औषधोपचार लागतात. दुष्काळात ती गावठी गायीइतकी तग धरत नाही. तिसरा आक्षेप देशी जातींच्या अस्तित्वाविषयी होता. सर्वत्र संकर झाल्यास शुद्ध वंशाच्या कालवडी उरणार नाहीत आणि पुढे निवड करण्यासाठी मूळ वंशच हाती राहणार नाही, अशी भीती व्यक्त होत असे.

संकराच्या समर्थकांच्या मते विशिष्ट जातीची लक्षणे नसलेल्या, अल्प दूध देणाऱ्या गायींमध्येच संकर करावा आणि गीर, देवणी, खिल्लार यांसारख्या जाती त्यांच्या मूळ प्रदेशात शुद्ध ठेवाव्यात. विदेशी रक्ताचे प्रमाणही मर्यादित असावे, कारण ते फार वाढल्यास उष्णता व रोग यांना तोंड देण्याची शक्ती घटते. हे तत्त्व मान्य असले, तरी प्रत्यक्ष गावपातळीवर ते सर्वत्र पाळले गेले नाही. संकरित गायींमुळे राज्यातील दूध उत्पादन वाढले आणि असंख्य कुटुंबांच्या हाती नियमित रोख पैसा आला. त्याच काळात ट्रॅक्टरचा प्रसार, गायरानांचा संकोच आणि संकर यांच्या एकत्रित परिणामाने देशी जातींची संख्या घटली. पुढील काळात बायफने देशी जातींच्या संवर्धनाचे कामही हाती घेतले.

इतर कार्य

उरुळी कांचन येथे शिक्षणसंस्था उभारण्यात मणिभाईंनी पुढाकार घेतला. चाऱ्याच्या प्रश्नावर उपाय म्हणून बायफने सुबाभूळ या झाडाचा मोठ्या प्रमाणावर प्रसार केला. त्याचा पाला प्रथिनयुक्त असून कोरड्या हंगामातही मिळतो. मात्र त्यातील मिमोसिन या घटकामुळे तो इतर चाऱ्यात मिसळून, मर्यादित प्रमाणात द्यावा लागतो. दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी फळबागांवर आधारित 'वाडी' कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. पडीक जमिनीवर आंबा-काजूसारखी फळझाडे, बांधावर चारा व जळणाची झाडे आणि आंतरपिके अशी त्याची रचना होती. पुढे तो इतर राज्यांतही स्वीकारला गेला. या कार्यक्रमातही कुटुंबाला त्याच्याच जमिनीवर, त्याच्याच श्रमातून टिकाऊ साधन मिळवून देण्याची दृष्टी दिसते.

सन्मान

भारत सरकारने १९६८ मध्ये मणिभाईंना पद्मश्री हा किताब दिला. १९८२ मध्ये त्यांना सार्वजनिक सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गांधीजींना ३६ वर्षांपूर्वी दिलेल्या वचनाची पूर्तता करत गरिबांच्या सामाजिक व आर्थिक उन्नतीसाठी केलेल्या कार्याची दखल या पुरस्काराने घेतली.

निधन आणि वारसा

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाईंचे निधन झाले. त्यांच्या पश्चात बायफचे कार्य अनेक राज्यांत विस्तारत राहिले आणि संस्थेचे नाव 'बायफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन' असे झाले. पशुपैदाशीबरोबरच पाणलोट विकास, फळबागा, चारा विकास व स्थानिक बियाण्यांचे जतन ही कामेही संस्था करते. वासरू मादीच जन्मावे यासाठी लिंगवर्गीकृत वीर्य आता भारतात उपलब्ध झाले असून नर वासरांचा जुना प्रश्न काही अंशी सुटू लागला आहे. जन्मलेल्या प्रत्येक कालवडीला चीक, चारा आणि अडीच वर्षांचा धीर देण्याची गरज मात्र कायम आहे. मणिभाईंच्या कामाने हा भार व ही संधी मोठ्या कळपांच्या मालकांकडून एक-दोन गायी असलेल्या शेतकरी कुटुंबांपर्यंत आणली.